ओळखत नसल्याचा दाखला

"सर, कार्यक्रम कोणाचा ते लिहिलंय, पण संग हीरो कोण येणार ते नाही लिहिलं."

रविवारी सकाळी दार उघडताच शेजारच्या किशोरभाऊ आहेरांनी मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. चष्मा आत राहिला होता, म्हणून मी तो हातभर लांब नेऊन वाचला. 'गोदातीर गौरव प्रतिष्ठान आयोजित अनसंग हीरो पुरस्कार. प्रस्ताव मागवीत आहोत.' किशोरभाऊ मूळचे चांदवडकडचे. त्यांनी ते 'अन् संग हीरो' असं वाचलं होतं. म्हणजे पुरस्कार तर आहेच, अन् संग एखादा सिनेमातला हीरोही येणार.

मी पिंपळगाव बसवंतच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवतो. इंग्रजी शब्दाचा अर्थ कोणी विचारला की माझ्या अंगात काहीतरी संचारतं. बायकोच्या मते त्या वेळी समोरच्याने पळून जावं. मी किशोरभाऊंना आत बसवलं आणि सिंग, सँग, संग ही तिन्ही रूपं म्हणून दाखवली. "ज्याचं गाणं कोणी गायलं नाही तो अनसंग. म्हणजे ज्याने काम डोंगराएवढं केलं, पण ज्याची दखल कोणी घेतली नाही असा माणूस."

"मग सरळ बेदखल म्हणायचं ना."

"बेदखल म्हणजे हाकलून दिलेला. हा हाकललेला नाही. याच्याकडे कोणी पाहिलेलंच नाही."

किशोरभाऊंनी माझ्याकडे नीट पाहिलं. मी दोन वर्षं सोसायटीचा सेक्रेटरी होतो, पाण्याच्या टाकीचं झाकण माझ्याच कारकिर्दीत बसलं. "म्हणजे तुमच्यासारखाच की," ते म्हणाले. "सर, तुम्हीच भरा फॉर्म."

खोटं कशाला बोलू, दुपारपर्यंत मी फॉर्म छापून आणून भरायला घेतलाही होता. 'कार्याचा तपशील' या रकान्यात झाकणापर्यंत आलो, तेवढ्यात बायको, पल्लवी, चहा घेऊन मागे येऊन उभी राहिली. तिने सगळं वाचलं आणि म्हणाली, "अहो, तुमचे गोडवे तुम्ही स्वतः रोज गाता. मग तुम्ही अनसंग कसे?"

व्याकरणाच्या दृष्टीने तिचा मुद्दा बिनतोड होता. मी फॉर्मची घडी घातली. हा विषय इथेच संपला असता, तर पुढे तीन जिल्ह्यांचे व्हॉट्सअॅप ग्रुप कामाला लागले नसते.

सोमवारी शाळेला जायला मी नेहमीप्रमाणे नाशिकच्या स्टँडवर गेलो. मार्च महिना होता, दहावीचे पेपर तपासायला आले होते. बोर्डाच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा एका कापडी पिशवीत घालून मी बाकावर बसलो. मालेगाव गाडी लागली, मी धावलो, खिडकीची जागा मिळवली, रुमाल काढून घाम पुसला. आणि फलाटावरच्या भोंग्यातून रोजचा आवाज आला.

"पिंपळगावला जाणारे इंग्रजीचे सर, आपली खाकी कापडी पिशवी चार नंबरच्या बाकावर राहिली आहे. गाडी थांबेल. सावकाश या."

बोर्डाचा गठ्ठा हरवणं म्हणजे काय, हे मास्तरकी केलेल्या माणसालाच कळेल. त्यानंतर चौकशी होते, पेपरात नाव येतं आणि नातेवाईक फोन करून 'बरं आहे ना?' असं विचारतात. मी खाली उडी मारली. पिशवी बाकावर नव्हती. ती चौकशीच्या खिडकीत, माईकशेजारी ठेवलेली होती. आत पन्नाशी ओलांडलेल्या, जाड काड्यांचा चष्मा लावलेल्या बाई बसल्या होत्या.

"आत काय आहे ते मी बघितलं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "म्हणून भोंग्यावर नुसती पिशवीच म्हणाले. आणि सांगायच्या आधी उचलून आत आणली. नाहीतर चार जणं धावली असती."

"बाई, तुम्ही मला ओळखता?"

"एकोणीस वर्षं रोज समोरून जाता ना. एकदा पोरांना ओरडत होतात, 'आय हॅज म्हणू नका' म्हणून. तेव्हा कळलं, इंग्रजीचे आहात."

एकोणीस वर्षं. त्या आवाजाच्या भरवशावर मी पेपर वाचत बसायचो. गाडी आली की तो सांगेल, अशी खात्री असायची. पण त्या आवाजाला चेहरा असेल, त्याला नाव असेल, त्यालाही घरी जाऊन भाजी निवडायची असेल, हे एकोणीस वर्षांत एकदाही माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मी वरमून नाव विचारलं.

"वत्सला गांगुर्डे. आता विचारलंत, सर? बावीस वर्षं झाली या खिडकीत. तीस एप्रिलला मी रिटायर होतेय."

गाडीत बसल्यावर पिंपळगावपर्यंत मी एकही ओळ वाचली नाही. हरवलेली पोरं, चुकलेल्या म्हाताऱ्या, बाकावर राहिलेले डबे, सगळं बावीस वर्षं त्या खिडकीतून जागच्या जागी गेलं होतं. अनसंग शब्दाला उदाहरण हवं असेल, तर ते माझ्या रोजच्या वाटेवर बसलेलं होतं. मी ठरवलं, हा पुरस्कार वत्सलाबाईंनाच मिळाला पाहिजे. मी ठरवलं की ठरवलं. टाकीच्या झाकणासाठी मी तीन सर्वसाधारण सभा लढवल्या आहेत.

फक्त त्यांना विचारायचं तेवढं राहून गेलं. चांगलं काम करायला निघालेल्या माणसाचं हे नेहमी राहून जातं.

प्रतिष्ठानचं कार्यालय एका दुकानाच्या माळ्यावर होतं. तिथे जाकीट घातलेला, संघर्ष नावाचा तरुण कार्यवाह बसत असे. नावाप्रमाणेच तो वागेल, असं मला तेव्हा वाटलं नव्हतं. त्याने माझा प्रस्ताव उलटसुलट पाहिला.

"सर, कलम सहा. यापूर्वी मिळालेल्या पुरस्कारांच्या प्रती जोडा."

"अहो, यापूर्वी पुरस्कार मिळाले असते तर त्या अनसंग कशा राहिल्या असत्या?"

"बरोबर. त्यासाठी कलम नऊ. उमेदवार अपरिचित असल्याचा पुरावा."

"म्हणजे?"

"कोणी ओळखत नाही, याचं काहीतरी लेखी. काय होतं, लोक खोटं सांगून अनसंग होतात. दोन प्रतिष्ठित नागरिकांचे दाखले आणले तरी चालतील."

मी जिना उतरलो तेव्हा हे अगदी सोपं वाटलं होतं. वत्सलाबाईंना न ओळखणारी माणसं नाशकात लाखांनी होती. मी आमच्या कॉलनीतल्या निवृत्त डॉक्टरांकडे गेलो. ते स्वतः बीपी तपासल्याशिवाय कशावर सही करत नाहीत.

"ज्या बाईंना मी ओळखत नाही, त्यांच्याबद्दल मी लिहून कसं देऊ?" त्यांनी विचारलं.

"तेच लिहून द्यायचं आहे. ओळखत नाही, म्हणून."

"पण त्या कोण आहेत हे कळल्याशिवाय त्यांना मी ओळखत नाही हे मला कसं कळणार?"

मी त्यांना वत्सलाबाईंची सगळी हकिकत सांगितली. डॉक्टरांचे डोळे पाणावले. "थोर बाई आहे हो," ते म्हणाले. "आता मात्र ओळखत नाही असं मी प्रामाणिकपणे लिहू शकत नाही."

दुसरे प्रतिष्ठित नागरिक म्हणजे आमच्या सोसायटीतले वकील. त्यांनी प्रतिज्ञापत्राचा सल्ला दिला. 'मी शपथेवर सांगतो की सदर महिलेस मी ओळखत नाही.' पण लगेच त्यांनीच बारीक शंका काढली, की ओळखत नाही म्हणून सांगितलेल्या बाईचं पूर्ण नाव, वय, पत्ता आणि फोटो प्रतिज्ञापत्राला जोडला आणि उद्या कोणी उलटतपासणी घेतली, तर तोंड कुठे लपवायचं? दोन दिवस माझं डोकं गरगरत होतं. पल्लवीने विचारलं, "सुटतंय का?" मी म्हणालो, "सोडणार नाही."

शेवटी किशोरभाऊ धावून आले. किशोरभाऊ विम्याचं काम करतात. सही घेणं हा त्यांच्या डाव्या हातचा मळ. "प्रतिष्ठित दोन कशाला? साधे दोनशे घेऊ," ते म्हणाले. शनिवारी दुपारी शाळेतून येताच आम्ही दोघं वही घेऊन स्टँडच्या फाटकापाशी उभे राहिलो. माझ्या मोबाइलवर मी चोरून काढलेला वत्सलाबाईंचा फोटो होता. खिडकीच्या गजांआडून काढल्यामुळे त्यात त्या जरा दुःखी दिसत होत्या.

"या बाईंना ओळखता का?" मी पहिल्याच माणसाला विचारलं.

तो दचकला. "काय केलं त्यांनी?"

"काही नाही केलं. म्हणजे पुष्कळ केलं आहे. ओळखता का?"

"नाय बा. मी कोणाला ओळखत नाय," असं म्हणून तो सही न करता निघून गेला. पुढच्याने आम्हाला पोलीस समजून आधार कार्ड काढून दाखवलं. एका आजीबाईंनी फोटोवरून हात फिरवला, म्हणाल्या, "लय चांगल्या घरची दिसती हो. देव करो अन् सापडो." मला त्या वाक्यातला धोका तेव्हाच कळायला हवा होता. पण वहीत एकशे बारा सह्या जमल्या होत्या, आणि यशाच्या वाऱ्यात माणसाला आजीबाईंचं बोलणं ऐकू येत नाही.

गंमत अशी की भोंग्यातून "येवल्याला जाणारी बस फलाट क्रमांक सहावर" अशी सूचना आली, की सही करता करता माणसं वही टाकून अचूक सहा नंबरकडे धावत. बाईंना ओळखत नाही असं लिहून देत होते, आणि त्यांच्या शब्दावर जीव टाकत होते.

संध्याकाळपर्यंत दोनशे होईनात. तेव्हा किशोरभाऊंनी मला न विचारता तो फोटो आपल्या ग्रुपांवर टाकला. किशोरभाऊ एकंदर त्रेसष्ट ग्रुपांत आहेत. वर लिहिलं, 'या बाईंना कोणी ओळखतं का? ओळखत नसाल तरी कळवा.'

पुढे पाठवताना कोणीतरी दुसरं वाक्य गाळलं. तिसऱ्याने 'नाशिक स्टँडवर आढळल्या' असं घातलं. चौथ्याने हात जोडलेली तीन चित्रं जोडली. रविवारी सकाळी माझ्याच शाळेच्या ग्रुपवर मला तो निरोप आला, 'सदर महिला हरवली असून स्मृती गेलेली आहे. माणुसकीच्या नात्याने पुढे पाठवा.' खाली आमच्या मुख्याध्यापकांनी लिहिलं होतं, 'फारच वाईट.'

मी चप्पल पायात घालून तसाच स्टँडवर पळालो.

तिथे फाटकापाशीच गर्दी जमली होती. मध्यभागी येवल्याहून पहिल्या गाडीने आलेल्या साळूबाई, वत्सलाबाईंच्या थोरल्या जाऊबाई, कमरेला पदर खोचून रडत होत्या. फोन करावा हे त्यांना सुचलंच नव्हतं, कारण स्मृती गेलेल्या माणसाला फोन काय करायचा? स्टँडवर उतरल्या आणि त्यांनी पहिल्या भेटलेल्या हमालाला सांगितलं, "आमची जाऊ हरवली हाय, भोंग्यावर पुकारा करायला सांगा." हमालाने कागदावर नाव लिहून घेतलं, आणि तो कागद रिवाजाप्रमाणे खिडकीतून आत सरकवला.

वत्सलाबाईंनीही बावीस वर्षांच्या सवयीने तो उचलला आणि वाचायला सुरुवात केली. मी फाटकातून आत शिरत होतो तेव्हा भोंग्यातून आवाज येत होता.

"लक्ष द्या. येवल्याच्या राहणाऱ्या, सध्या नाशिक येथील वत्सला रामदास गांगुर्डे, वय अठ्ठावन्न, रंग सावळा, या कालपासून हरवल्या असून..."

आवाज थांबला. स्टँडवरची कबुतरंसुद्धा थांबली असावीत.

"...असून त्या चौकशीच्या खिडकीत ड्युटीवर आहेत. नातेवाइकांनी रडणं थांबवून मागच्या दाराने आत यावं."

पुढचा अर्धा तास काय झालं ते सांगण्यासारखं नाही. साळूबाईंनी जावेला मिठी मारली, मग "सावळा कोणी लिवलं?" म्हणून हमालाला धरलं. मग हे सगळं कोणी केलं याचा शोध सुरू झाला, आणि मी हात वर केला. मास्तरकीत तीस वर्षं पोरांना सांगत आलो होतो, चूक झाली तर उभं राहून कबूल करावं. उभं राहिल्यावर सगळे कसे वळून आपल्याकडेच बघतात हे मात्र मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं.

वत्सलाबाई ओरडल्या नाहीत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, अनसंगचा अर्थही ऐकून घेतला.

"सर, पुरस्कार मिळावा असं मला वाटतं का, हे विचारलंत?"

"नाही."

"का नाही?"

मी खाली मान घालून म्हणालो, "चुकलं. आता विचारतो. प्रस्ताव मागे घेऊ का?"

त्या माईकच्या बटणावरून बोट फिरवत बसल्या. मग म्हणाल्या, "आमचे हे होते तोवर रोज विचारायचे, आज किती माणसं पोचवली? आता कोणी विचारत नाही. असू द्या प्रस्ताव. पण फोटो चांगला लावा. हा काय, तुरुंगातल्यासारखा."

म्हणजे आता माघार नव्हतीच. पण सोमवारच्या पेपरात 'स्वतःच्याच हरवल्याची सूचना दिली' अशी चौकट आली, खिडकीसकट त्यांच्या फोटोसह. मंगळवारी मी संघर्षच्या पुढ्यात एकशे बारा सह्यांची वही ठेवली, तेव्हा त्याने तो पेपर टेबलावर पसरला.

"सर, सॉरी. या आता फेमस झाल्या. कलम नऊमध्ये बसत नाहीत."

मग मात्र मी उभा राहिलो. त्या माळ्यावर मी जो तास घेतला, तसा पिंपळगावात कधी घेतला नसेल. "अननोन वेगळं, अनसंग वेगळं!" मी म्हणालो. "अननोन म्हणजे माहीत नसलेला. अनसंग माणूस सगळ्यांना माहीत असतो. रोज समोर असतो. त्याचं काम सगळे वापरतात. फक्त 'तुम्ही हे केलंत' असं त्याला कोणी म्हणत नाही. पेपरात चौकट आली ती गमतीची आली, कामाची नाही आली. या बाई काल जितक्या अनसंग होत्या तितक्याच आजही आहेत!"

संघर्ष भारावला. त्याने मला पाणी दिलं. "सर, काय बोललात! हे तुमचं वाक्य मी निमंत्रणपत्रिकेवर घेऊ का?"

त्याने ते घेतलं. पुरस्कार मात्र एका समाजसेवकांना गेला. पत्रिकेत त्यांच्या परिचयात लिहिलं होतं, 'आजवर सतरा पुरस्कारांनी सन्मानित.' माझ्या वाक्याखाली माझं नावही नव्हतं. पल्लवी म्हणाली, "झालात की हो अनसंग." त्या दिवशी मी जरा कमीच जेवलो.

तरी मी सोडलं नाही. प्रतिष्ठान नसलं म्हणून काय झालं? तीस एप्रिलला वत्सलाबाईंची शेवटची ड्युटी दुपारी संपत होती, आणि त्या लगेच येवल्याच्या गाडीने साळूबाईंकडे जाणार होत्या. या वेळी मी आधी विचारलं. "शाल, नारळ, भाषण?"

"भाषण नको," त्या म्हणाल्या. "माईकवर फक्त गाड्या. शाल उन्हाळ्यात कशाला? नारळ द्या, चटणीला होईल."

मी नारळ दिला. त्यांनी तो पिशवीत टाकला, खिडकीतली खुर्ची पुसली, नवे नियंत्रक चंदर निकम यांच्या हाती वही दिली आणि निघाल्या. सहा नंबरला उभ्या असलेल्या येवला गाडीत बसल्या. बावीस वर्षं गाड्या सोडणारी बाई एका साध्या सीटवर मांडीवर पिशवी घेऊन बसली, आणि फलाटावरच्या एकाही माणसाने वर पाहिलं नाही.

मला ते पाहवेना. मी चौकशीच्या खिडकीत गेलो आणि चंदररावांना म्हणालो, "एकच सूचना. गाडीचीच आहे." ते नवे होते, भिडस्त होते. त्यांनी माईक माझ्याकडे सरकवला.

वर्गात साठ पोरांपुढे खणखणीत बोलणारा मी, बटण दाबल्यावर गोंधळलो. "लक्ष द्या," मी म्हणालो. "येवल्याला जाणारी बस फलाट क्रमांक नऊवर उभी आहे. या बसने वत्सला गांगुर्डे जात आहेत. बावीस वर्षं आपण ज्यांचा आवाज ऐकला, त्या ह्या. त्यांनी आपल्याला पोचवलं."

बोलून मला भरून आलं. पण काहीतरी विचित्र दिसत होतं. सहा नंबरजवळची सगळी माणसं पिशव्या, पोरं, कोंबड्या घेऊन नऊ नंबरकडे धावत होती. तिथे सुरगाण्याची गाडी उभी होती.

येवला गाडीचं दार उघडलं. वत्सलाबाई खाली उतरल्या, तरातरा चालत आत आल्या, मला कोपराने बाजूला केलं आणि बटण दाबलं.

"आधीची सूचना चुकीची आहे. येवल्याला जाणारी बस फलाट क्रमांक सहावर उभी आहे. धावू नका. गाडी थांबेल."

धावणारी माणसं थांबली. सगळ्यांनी माना वळवून खिडकीकडे पाहिलं. आवाज आणि चेहरा त्या दिवशी पहिल्यांदाच एका जागी दिसत होते. कोणीतरी म्हणालं, "ह्याच का त्या?" एक शेतकरी पुढे आला, टोपी काढून म्हणाला, "बाई, आमचा धाकटा पाच वर्सांचा असताना हितं हरवला व्हता. तुमी पुकारलं म्हणून गावला. औंदा तो बारावीला हाय." मग एका कॉलेजच्या मुलीने गजांतून हात आत घातला, मग चांदवडच्या एका आजींनी, मग भाजीवाल्या बाईंनी. नुसते हात येत होते. वत्सलाबाई एकेकाचा हात धरत होत्या, आणि दुसऱ्या हाताने पदर डोळ्यांना लावत होत्या. सहा नंबरच्या ड्रायव्हरने हे पाहिलं आणि इंजिन बंद करून तोही खाली उतरला.

घड्याळाकडे लक्ष गेलं तशा वत्सलाबाई गडबडल्या. त्यांनी पुन्हा बटण दाबलं. आवाज जरा फाटला होता.

"येवला गाडीच्या प्रवाशांनी ताबडतोब आपापल्या जागी बसावं. चालकांनी इंजिन सुरू करावं. गाडीची वेळ झालेली आहे."

बावीस वर्षांत पहिल्यांदाच त्या भोंग्यातून आलेली सूचना कोणीही पाळली नाही.